कोलकात्यातली बंद अँबॅसिडर मिरजेला कशी आणू?

प्रश्न : स. न. वि. वि. माझे काका नोकरीनिमित्त कोलकात्याला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. गेल्या वर्षी ते वारले. त्यांची १९६८ सालची अँबॅसिडर मार्क टू काकूंच्या इमारतीखाली बरीच वर्षं बंद उभी आहे आणि आता सोसायटीला ती जागा मोकळी करून हवी आहे. काकू म्हणतात, "भंगारात घालण्यापेक्षा तू घेऊन जा." एका वाहतूकदाराने बंद गाडी म्हटल्यावर दुप्पट भाडं सांगितलं, दुसरा म्हणतो, आधी चालू करून द्या. तिथल्या मेकॅनिककडून इंजिनाचं काम करून घेऊ का? खर्चाची फार ऐपत नाही, पण गाडी सोडवत नाही. – एक वाचक, मिरज

उत्तर : गाडी सोडू नका, आणि इंजिनाला तिथे हात लावू देऊ नका.

'बंद गाडी' म्हणून वाहतूकदार जादा पैसे मागतो, त्यात इंजिनाचा संबंध थोडाच असतो. एरवी ट्रेलरवर गाडी चढवायची तर ड्रायव्हर रॅम्पवरून ती चालवतच वर नेतो. तुमची तशी जाणार नाही. मग विंच (तारेने ओढणारं यंत्र) हवी, नाहीतर हायड्रा क्रेन, नाहीतर सात-आठ माणसं. त्यात चाकं जाम निघाली तर ट्रक अर्धा दिवस गल्लीत अडकून पडतो, आणि त्या अर्ध्या दिवसाची धास्ती तो तुमच्या भाड्यात धरतो. तेव्हा कोलकात्यात जे चार पैसे घालायचे ते चाकांवर घाला. गाडी ढकलली की सरकली पाहिजे, स्टिअरिंग फिरवलं की वळली पाहिजे आणि हँडब्रेक ओढला की थांबली पाहिजे. एवढं झालं की फोनवर ठासून सांगा : "इंजिन बंद आहे, पण गाडी रोलिंग आहे." भाव बदललेला तुम्हालाच कळेल.

इंजिन इथे आल्यावर बघू. १४८९ सीसीचं हे इंजिन साधं आहे, रीबोअर (सिलिंडर आतून कापून मोठे करणं) आणि हेडचं काम आमच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, डोळ्यांसमोर करून घेता येतं. दोन हजार किलोमीटरवरून फोनवर करून घेतलेलं इंजिनाचं काम मला कधीच पटलेलं नाही.

आता चाकांचं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या अँबॅसिडरचे ब्रेक धरलेले असतात, कारण ब्रेकचे लायनर चाकातल्या ड्रमला गंजाने चिकटतात आणि ते लायनर दाबणारे व्हील सिलिंडर जाम होतात. मेकॅनिकला सांगा, गाडी जॅकवर घे, ॲडजस्टर सैल कर आणि ब्लीडिंग निपल (ब्रेकचं तेल बाहेर सोडायची बारीक तोटी) उघड. ब्रेकचे जुने रबरी होज आतून फुगलेले असतात, त्यामुळे आत दाब कोंडून राहतो. निपल उघडला की तो सुटतो आणि चाक फिरायला लागतं. नाहीच फिरलं तर ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके द्यायचे. थेट ड्रमवर घाव नको, बिडाचा असतो, तडकतो.

दुसरी अडचण गिअरची. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. जुन्या गाडीत त्याची लिंकेज सैल होते आणि वर दांडी न्यूट्रलला दिसली तरी खाली गिअर पडलेलाच असतो. ढकलताना मागची चाकं घासत जात असतील आणि ब्रेक सुटलेले असतील, तर दोष इथे शोधा. न्यूट्रल सापडत नसेल तर झटापट करत बसू नये. गाडीखाली जाऊन प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) मागच्या फ्लँजवरचे, म्हणजे जोडाच्या चकतीवरचे, चार बोल्ट काढायचे आणि शाफ्ट तारेने वर बांधून ठेवायचा. काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीने एक खूण करायची, म्हणजे इथे जोडताना तो तसाच बसेल. इंजिन जाम असलं तरी मग गाडीला फरक पडत नाही.

टायर नवे घेऊ नका. ५.९०–१५ मापाचे हवा धरणारे जुने टायर मलिक बाजारात, म्हणजे कोलकात्याच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, मिळतात का बघा. तुमच्या गाडीला वाहतुकीपुरते तेवढे बस्स. मलिक बाजारात तुमचा माणूस जाणारच असेल तर गाडीत काय काय कमी आहे याची यादी त्याच्या हाती द्या. दाराच्या कड्या, दिव्यांच्या रिंगा, काचा वर करायची हँडलं असलं किडूकमिडूक तिथे बघून घेता येतं. ही गाडी हुगळीकाठी उत्तरपाड्याला बनायची आणि २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे तिचं सामान कोलकात्याइतकं दुसरीकडे कुठे पाहायला मिळणं अवघड.

गाडी चढवताना काकूंच्या बाजूचं कोणीतरी तिथे उभं असलंच पाहिजे, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझ्याकडे एक मार्क थ्री आली होती, तिचा टाय रॉड (पुढची चाकं वळवणारा दांडा) धनुष्यासारखा वाकलेला होता. चढवणाऱ्याने विंचचा हूक हाताला पहिली लागली त्या दांड्यात अडकवला आणि ओढली. हूक पुढच्या क्रॉसमेंबरला (खालच्या जाड आडव्या तुळईला) लावायचा. बंपरला नाही, टाय रॉडला नाही, रेडिएटरच्या पट्टीला तर मुळीच नाही. अँबॅसिडरला वेगळी चॅसी नसते, बॉडी हीच तिची चॅसी. म्हणून हायड्राने उचलायची वेळ आली तर पोटाखालून पट्टा घालू देऊ नका. दारांखालचा पत्रा आतून सडलेला असतो, वरून रंग चांगला दिसला तरी पट्ट्याखाली पापडासारखा दबतो. पट्टे चाकांखालून घ्यायचे आणि वर लोखंडी आडवी दांडी लावून दोन बाजूंना फाकवून ठेवायचे, म्हणजे छताच्या कडा चेपत नाहीत. ट्रकवर बांधतानाही पट्टे चाकांवरूनच.

यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित युक्ती म्हणजे गोदामाचा धक्का. मालाच्या गोदामांना ट्रकच्या फळीच्या उंचीचा धक्का, म्हणजे ओटा, असतो. गल्लीतून लहान फ्लॅटबेडने (उघड्या सपाट फळीच्या ट्रकने) गाडी तिथवर नेली की मधे दोन जाड लोखंडी प्लेटा टाकून चार माणसं ती सरळ मोठ्या ट्रकमध्ये ढकलतात. क्रेन लागत नाही. वाहतूकदाराला विचारा, त्याच्या ओळखीचं असं गोदाम असतंच.

आता भाडं. देशभर नव्या गाड्या पोचवणारे कॅरिअर चाकणहून, मानेसरहून, श्रीपेरंबुदूरहून भरून निघतात. कोलकात्याला ते गाड्या उतरवतात, पण तिथे मोटारींचा कारखाना आता राहिला नाही, त्यामुळे परतताना भरायला नव्या गाड्या नसतात. रिकामं येण्यापेक्षा मिळेल ते भाडं बरं, असा हिशोब त्या ट्रकवाल्याचा असतो. तुमची दिशा नेमकी तीच आहे. म्हणून मिरजेतल्या किंवा कोल्हापुरातल्या एजंटाकडे न जाता चाकण भागातल्या कॅरिअरवाल्यांना फोन करा आणि "कोलकात्याहून परतीची गाडी कधी आहे?" असं विचारा. तारीख तुम्ही सांगू नका, त्यांना सांगू द्या. पंधरा दिवस मागेपुढे चालतील असं म्हटलंत की भाव उतरतो. उलट फक्त तुमच्या एका गाडीसाठी फ्लॅटबेड ठरवलीत तर तिच्या जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही डिझेल तुमच्या माथी बसतं.

घरपोच डिलिव्हरीही मागू नका. पुण्याला उतरवून घ्या आणि तिथून मिरजेपर्यंत आपल्या भागातली फ्लॅटबेड ठरवा. पुण्यात गाडी पोचवून मिरज-सांगलीला रिकामी परतणारी मिळाली तर फारच उत्तम. आणि एक प्रश्न प्रत्येकाला विचारा : "रायपूर-नागपूरला गाडी उतरवून दुसऱ्या ट्रकवर चढवणार का?" चालत्या गाडीला त्याने फार बिघडत नाही. बंद गाडी मात्र जितक्यांदा चढेल-उतरेल तितक्यांदा तोच टाय रॉडचा धोका. थोडे जास्त पैसे पडले तरी एकाच ट्रकने थेट येणारी घ्या. इथे काटकसर करू नका.

रेल्वेचा विचार मनात असेल तर सोडून द्या. मोटारींचे खास डबे असतात, पण ते कंपन्यांच्या नव्या गाड्यांच्या पूर्ण रेकसाठी, म्हणजे आख्ख्या मालगाडीसाठी. एका माणसाच्या एका गाडीचं तिथे जमत नाही.

पावसात उघड्या ट्रेलरवर पाठवू नका. दारांची रबरं वाळलेली असतात, पाणी थेट तळाच्या पत्र्यावर साचतं. बंद कंटेनरचं भाडं जास्त, त्यापेक्षा सोसायटीकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घ्या. दुर्गापूजेच्या दिवसांत तर तिथे माणूसच मिळणार नाही.

निघण्यापूर्वी बॅटरी काढा आणि टाकीतलं जुनं पेट्रोल उपसा. हबकॅप, वायपर, बॉनेटवरचं चिन्ह, आरसे आणि कार्ब्युरेटर उतरवून खोक्यात भरा नि कुरिअरने वेगळे मागवा. गाडीत सामान ठेवलं तर त्याची जबाबदारी वाहतूकदार घेत नाही. चारही बाजूंनी, छताचे, खालून आणि आतून भरपूर फोटो काढा, आणि चढवतानाचा व्हिडिओही.

बिल्टीवर (वाहतूकदाराच्या मालपावतीवर) गाडीची किंमत लिहून घ्या. ही ओळ बहुतेक जण कोरी सोडतात. २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आणि त्याखालचे नियम असे आहेत, की जास्त जोखमीचा दर (जादा जबाबदारी घेण्यासाठीचं जादा भाडं) ठरवून घेतला नसेल तर नुकसान झाल्यावर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. शिवाय बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस गेली नाही तर दावाच करता येत नाही. 'इन्शुरन्स आहे' असं तोंडी सांगणाऱ्याकडून तुमच्या गाडीचा नंबर असलेलं ट्रान्झिट पॉलिसीचं कागद मागा.

कागदपत्रांचं काम आजच सुरू करा, कारण वेळ तिथेच जातो. मालकाच्या निधनानंतर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. म्हणजे आधी काकूंचं नाव, मग फॉर्म २९ आणि ३० भरून तुमचं. राज्य बदलायला तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), फॉर्म २८. आरसी सापडत नसेल तर आधी डुप्लिकेट काढा, गाडी हलवण्यापूर्वी. ट्रकवर माल म्हणून येणाऱ्या गाडीला चालू नोंदणी लागत नाही, पण आरसीची प्रत, काकूंचं पत्र आणि ओळखपत्र ड्रायव्हरजवळ असलंच पाहिजे. नाहीतर ओडिशा-छत्तीसगडच्या नाक्यावर चोरीचा संशय घेऊन गाडी अडवली तर सोडवायला कोण जाणार?

तुमची गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, म्हणून २०२१ च्या नियमांनुसार तिची 'विंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. मात्र इंजिन, चॅसी आणि बॉडीत मोठे बदल केलेले चालत नाहीत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी मुलांना घेऊन नरसोबाच्या वाडीला जायचं मनात असेल, तर विंटेजच्या वाटेला न जाता नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करा. माझं मत विचाराल तर तेच करा. काकांनी ती गाडी वापरायलाच घेतली होती.

प्रश्न : म्हैसूरला मित्राने मला त्याची जुनी येझदी दिली आहे. सुरू होत नाही. नाशिकला आणायला काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं काम वरच्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, कारण मोटारसायकल रेल्वेने येते आणि ती चालू आहे की बंद, याच्याशी पार्सल ऑफिसला काही देणंघेणं नसतं. पार्सल म्हणून बुक करा. तुम्ही त्याच गाडीने प्रवास करत असाल तर तिकिटावर लगेज म्हणूनही होते. टाकीत पेट्रोलचा थेंबही चालत नाही. पाइप काढून रात्रभर टाकी उघडी ठेवा. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतील. पॅकिंग स्टेशनबाहेर करून मिळतं, पण हेडलाइट, टाकी आणि सायलेन्सरला आतून जुनी गोधडी गुंडाळून मगच गोणपाट शिवायला सांगा. येझदीच्या टाकीचं क्रोम एकदा खरवडलं की पुन्हा तसं येत नाही. कुठून कुठे जायचं ते स्टेशनच्या नावांसह गोणपाटावर दोन्ही बाजूंना मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा, आणि वाटेत गाडी बदलावी लागणार असेल तर कुठल्या स्टेशनवर, हे बुकिंगच्या खिडकीवरच विचारून ठेवा.