फिटिंगचा हात बोर्डावर नेण्याआधी

तुमचे प्रश्न दोन. फिटिंगची कामं तुम्ही बरीच वर्षं करता, आता घरातला बंद पडलेला टीव्ही आणि दोन-चार चार्जर स्वतः उघडायचा विचार आहे, तर वीज दोन्हीकडे तीच असताना इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये फरक तो काय? आणि प्लग काढून बाजूला ठेवला होता तरी तुमच्या मेहुण्यांना टीव्हीच्या सर्किट बोर्डावरून शॉक बसला, तो कसा? मी दुसरा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर कळलं की पहिला निम्मा सुटतो.

टीव्ही असो, संगणक असो की चार्जर, आत शिरलेली २३० व्होल्टची एसी वीज आधी ब्रिज रेक्टिफायरमधून जाते आणि डीसी होऊन एका जाड कपॅसिटरमध्ये साठते. २३० हा आरएमएस, म्हणजे वर-खाली होणाऱ्या लाटेचा एकूण परिणाम सांगणारा आकडा झाला. लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि कपॅसिटर त्या टोकापर्यंत भरतो, म्हणून त्याच्या अंगावर ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेलं असतं. मोठ्या सप्लायमध्ये पीएफसीचा (मेनमधून करंट सुरळीत ओढणारा) भाग असेल तर तिथे ३८० ते ४०० व्होल्ट मिळतात. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला भरला की त्यात साडेअकरा ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, आणि बोट टेकलं की ती क्षणात बाहेर पडते. हात झटक्याने मागे फेकला जातो, कोपर कपाटावर आपटतं, माणूस स्टुलावर उभा असेल तर खाली येतो. अशा झटक्यात पडण्याची इजा शॉकपेक्षा मोठी ठरू शकते.

यातली खरी मेख मात्र पुढे आहे. चांगल्या चालणाऱ्या टीव्हीचा प्लग काढला तर पुढचं सर्किट उरलेला चार्ज ओढून घेतं आणि कपॅसिटर लवकर रिकामा होतो. दुरुस्तीला आलेला बोर्ड मात्र मुळात बंद पडलेला असतो. स्टार्टअपचा रेझिस्टर ओपन झालाय, सप्लाय चालवणारी चिप, म्हणजे आयसी, सुरूच होत नाहीये, अशा वेळी कपॅसिटर भरतो पण त्याला रिकामं करणारं कोणीच नसतं. म्हणजे ज्या बोर्डावर तुम्ही हात घालणार, नेमका त्याच बोर्डात चार्ज जास्त वेळ टिकण्याची शक्यता असते. मेहुण्यांच्या बाबतीत बहुधा हेच झालं.

आता फरकाकडे येऊ. इलेक्ट्रिकलमध्ये वीज ही ऊर्जा म्हणून वागवली जाते: ती आणायची, वाटायची, तिच्याकडून मोटर फिरवून घ्यायची, पाणी तापवून घ्यायचं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एका छोट्या विजेने दुसरी वीज काबूत ठेवायची असते, मग ती आवाज वाढवण्यासाठी असो, हिशेब करण्यासाठी असो की व्होल्टेज ठरावीक ठेवण्यासाठी. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्लेमिंग यांचा १९०४ मधला दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह (निर्वात नळी) आणि १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झालेला ट्रान्झिस्टर, या वाटेने ही शाखा वेगळी झाली. पुस्तकात ही विभागणी ठीक आहे. वस्तूंमध्ये ती आता उरलेली नाही. पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, एलईडी बल्बमध्ये करंट सांभाळणारा ड्रायव्हर असतो, कारखान्यातल्या मोटरला वेग सांभाळणारा ड्राइव्ह लागतो आणि त्या ड्राइव्हची डीसी बस, म्हणजे आतली डीसी विजेची मुख्य वाट, ४१५ व्होल्टच्या थ्री फेजवर ५८५ व्होल्टच्या घरात असते.

माझ्या मते या दोन धंद्यांमधला सगळ्यात महत्त्वाचा फरक सुरक्षेच्या सवयींमध्ये आहे. वायरमनच्या हाडात भिनलेला नियम काय? मेन बंद कर, टेस्टर लावून बघ, मग हात घाल. घरातल्या वायरिंगला हा नियम बरोबर आहे. बोर्डाला तो अपुरा आहे, ते वर पाहिलंच. दुसरी सवय बघा. वायरमन स्वतःला जमिनीपासून तोडून घेतो: रबरी चटई, कोरडी चप्पल, लाकडी शिडी. इलेक्ट्रॉनिक्सवाला बरोबर उलट करतो. तो मनगटाला पट्टा बांधून स्वतःला मुद्दाम अर्थिंगला जोडतो, कारण अंगावरच्या स्टॅटिक विजेने आयसी मरतात. आपल्याला स्टॅटिकची ठिणगी साधारण ३००० व्होल्टच्या पुढे जाणवते, काही नाजूक आयसी मात्र त्याच्या कितीतरी आधी जायबंदी होतात. दोघांचीही सवय आपापल्या टेबलावर योग्य आहे. ती दुसऱ्याच्या टेबलावर नेली की जीवावर बेतते.

त्या पट्ट्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तो घरी बनवणारे लोक मी पाहिले आहेत. चांगल्या पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून हात फेजला लागला तर २३० व्होल्टला त्या वाटेने पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी करंट जातो. रेझिस्टर न घालता नुसती वायर मनगटाला गुंडाळून अर्थिंगला जोडली, तर तुम्ही फेजसाठी सरळ रस्ता तयार केला. आणि रेझिस्टर असला तरी प्लग लावलेल्या, उघड्या सप्लायवर काम करताना पट्टा बांधायचाच नाही.

उलट दिशेचा अपघातही होतो. ज्याचं शिक्षण ५ आणि १२ व्होल्टवर झालं, त्याला उघड्या तारेची भीती राहत नाही. त्याच्यासाठी काळी वायर म्हणजे निगेटिव्ह. घरच्या वायरिंगमध्ये काळी वायर काही देशांत न्यूट्रल असते, काही देशांत चक्क फेज. रंगावर विसंबून हात घालणं इथे परवडत नाही. शिवाय १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून गाडीची बॅटरी निरुपद्रवी मानणंही चूक. पान्याने तिची दोन टोकं जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात, आणि बोटात अंगठी असेल तर ती तापून बोटाला खोल भाजते. काम करताना अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा.

आता शरीराचे आकडे. साधारण अर्ध्या मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडू लागतात आणि पकडलेली तार सोडवत नाही. चार्ल्स डाल्झील या अमेरिकन प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर मोजून पाहिलं तेव्हा तार सोडता येण्याची सरासरी मर्यादा पुरुषांत १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर निघाली. ५० ते १०० मिलिअँपिअर सेकंदभर छातीतून गेले तर हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसतं थरथरत राहू शकतं. आता २३० व्होल्टला एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे शरीराचा अडथळा ढोबळमानाने १००० ते २००० ओहम धरा, म्हणजे करंट शंभर मिलिअँपिअरच्या वर सहज जातो. ओल्या हाताला आणखी जास्त. १६ अँपिअरचा एमसीबी यात काहीही करत नाही. तो वायर वाचवण्यासाठी आहे.

माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, असतो आणि घरात तो असलाच पाहिजे, याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. पण बोर्ड दुरुस्त करणाऱ्याने त्याच्या मर्यादा ओळखाव्यात. तो जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमधला फरक बघतो. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, पायाखाली कोरडी चटई असली, तर फरकच पडत नाही आणि आरसीसीबीला तुम्ही आणि बल्ब सारखेच. चार्ज झालेल्या कपॅसिटरशी तर त्याचा संबंधच नाही. तिसरी मर्यादा फारशी सांगितली जात नाही. ब्रिजच्या पुढच्या निगेटिव्हला हात लागला तर अंगातून अर्ध्या लाटांचा, एकाच दिशेचा करंट जातो, आणि साधा एसी प्रकारचा आरसीसीबी त्यावर तुटेलच याची खात्री नसते. त्यासाठी ए प्रकार लागतो.

हो, निगेटिव्हला हात लावला तरी शॉक बसतो, प्लग कसाही फिरवून लावा. बोर्डावरचा तो मेनशी थेट जोडलेला भाग म्हणजे हॉट साइड. बोर्ड हातात घेतलात की आधी ट्रान्सफॉर्मर शोधा, त्यावर बहुधा पिवळी टेप गुंडाळलेली असते. त्याच्याखालून बोर्डभर एक मोकळी पट्टी गेलेली दिसेल, तिच्यात तांबं नसतं. एका बाजूला जाड कपॅसिटर आणि मेनची वायर, दुसऱ्या बाजूला ५, १२, २४ व्होल्टचं जग. ती पट्टी ओलांडणाऱ्या वस्तू मोजक्याच: ट्रान्सफॉर्मर, प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारा चार पायांचा ऑप्टोकपलर आणि बहुधा निळा, चपटा वाय कपॅसिटर. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला हात फिरवल्यावर येणाऱ्या मुंग्या याच वाय कपॅसिटरमधून येतात. करंट पाव मिलिअँपिअरच्या आसपास, त्रासदायक पण धोक्याचा नाही. तीन पिनांचा अडॅप्टर अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावला की त्या सहसा थांबतात. झटका जोरात असेल तर तो अडॅप्टर वापरू नका.

काही स्वस्त वस्तूंमध्ये ही पट्टीच नसते. बऱ्याच एलईडी बल्बांचे ड्रायव्हर, मेनवर थेट चार्ज होणारे टॉर्च, डास मारायच्या रॅकेट यांत कपॅसिटर किंवा कॉइलने व्होल्टेज खाली आणलेलं असतं. मीटर लावला तर दोन टोकांत ५ व्होल्ट दिसतात, पण जमिनीच्या तुलनेत दोन्ही टोकं फेजवर असू शकतात. मीटर खोटं बोलत नाही, तुम्ही त्याला अर्धाच प्रश्न विचारलेला असतो.

हत्यारांबद्दल. निऑन टेस्टर लागला नाही म्हणजे तार मेली, असं धरू नका. न्यूट्रल तुटली असेल तर लोडमधून परत आलेल्या फेजमुळे सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, हे तुम्हाला फिटिंगमुळे माहीत असेलच. डिजिटल मल्टिमीटरचा उलटा घोळ असतो. त्याचा अडथळा १० मेगाओहम असल्याने शेजारच्या तारेच्या प्रभावाने तुटलेल्या वायरवरही ७०-८० व्होल्ट दाखवू शकतो. म्हणून आधी मीटर चालू तारेवर तपासा, मग बंद तारेवर, मग पुन्हा चालू तारेवर.

कपॅसिटर रिकामा करायला स्क्रूड्रायव्हर टेकवू नका. ठिणगीने ट्रॅक उडतो, धातूचे कण डोळ्यात जाऊ शकतात. २.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी आणि प्रोब जोडा, पाचेक सेकंद धरा आणि मग मीटरने डीसी व्होल्ट मोजा. मोजल्याशिवाय हात नाही. थोड्या वेळाने पुन्हा मोजा, कारण मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडं व्होल्टेज परत उगवतं.

सिरीज बल्बचा बोर्ड, म्हणजे वस्तूच्या वाटेत एक बल्ब जोडलेला, तुमच्याकडे असेलच, तो इथेही उपयोगी आहे. शॉर्ट असलेला सप्लाय लावला तर बल्ब पेटतो आणि सप्लायचा मॉस्फेट (स्विचिंग ट्रान्झिस्टर) वाचतो. पण तो पार्ट वाचवतो, तुम्हाला नाही. १०० वॅटच्या बल्बमधून ४३० मिलिअँपिअर जाऊ शकतात, म्हणजे जीव घ्यायला पुरून उरतील इतके. हॉट साइडवर चालू स्थितीत मोजायचंच असेल तर मेनपासून वेगळं करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याच्या पुढेही एकच हात. दोन टोकांना दोन हात लागले तर त्याचा उपयोग शून्य, आणि मागचा आरसीसीबीही आंधळा. पुढे कधी ऑसिलोस्कोप (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेतलात तर लक्षात ठेवा, त्याच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. आयसोलेशनशिवाय ती हॉट निगेटिव्हला लावली की थेट शॉर्ट.

एकट्याने काम करू नका. घरातल्या एका माणसाला मेन स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवा. कुणी चिकटलं तर त्याला धरून ओढायचं नाही, आधी सप्लाय तोडायचा. ते शक्यच नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकने तार दूर करायची, आणि हे फक्त घरगुती व्होल्टेजपुरतं. बाहेरच्या हाय टेन्शन तारेजवळ सप्लाय बंद झाल्याशिवाय जायचंच नाही. माणूस प्रतिसाद देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर रुग्णवाहिका बोलवायला सांगून लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला लागा: मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला किमान ५ सेंटिमीटर खोल. एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देऊन ठोके पूर्ववत करणारं यंत्र, जवळ असेल तर ते आणवा. शुद्ध हरपली होती, छातीत धडधड आहे, भाजलंय किंवा बाई गरोदर आहे, तर आता बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, ईसीजी काढून घ्या.

सुरुवात बाहेरून अडॅप्टर लागणाऱ्या वस्तूंपासून करा: राउटर, छोटे स्पीकर. त्यांच्या आत बहुधा १२ व्होल्टच असतात, तिथे सोल्डरिंगचा हात बसेल आणि मीटर वापरायची सवय लागेल. चार्जर आणि टीव्हीचा सप्लाय त्यानंतर, आधी प्लग न लावता, डायोड आणि रेझिस्टर थंड स्थितीत मोजत. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही नको, ट्यूबच्या अॅनोडवर २५ हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि काच स्वतःच कपॅसिटरसारखा चार्ज धरते. मायक्रोवेव्ह तर उघडूच नका. त्याचा ट्रान्सफॉर्मर २००० व्होल्टच्या आसपास देतो आणि त्याच्यामागे शेकडो मिलिअँपिअर देण्याची ताकद असते. त्याचं दुसरं वाइंडिंग मेनपासून वेगळं असल्याने आरसीसीबीला काही कळत नाही. तो ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर जळकी नक्षी उमटवण्याच्या नादात लोकांचे जीव गेले आहेत. मायक्रोवेव्ह बिघडला तर तो ज्याचं रोजचं काम आहे त्याच्याकडे न्या.