सात घटकांनी न मिटणारा फरक

प्रश्न : ब्रिटनमधील एका प्रकल्पासाठी जीपीएसवरून मिळालेले सहनिर्देशक आम्ही हेल्मर्टच्या सात घटकांच्या सूत्राने तेथील नॅशनल ग्रिडवर, म्हणजे ब्रिटिश नकाशांच्या सहनिर्देशक पद्धतीवर, आणतो. तरीही ज्ञात बिंदूंशी ताडून पाहता काही मीटरांचा फरक उरतो. आणखी ज्ञात बिंदू घेऊन घटक नव्याने काढले, तर तो जाईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : जाणार नाही. तीन सरकाव, तीन फिरकी आणि एक प्रमाण या सात घटकांनी सर्वेक्षणबिंदूंचे संपूर्ण जाळे सरकवता, फिरवता किंवा लहानमोठे करता येते. पण त्याची आकृती बदलत नाही. नॅशनल ग्रिडमागचे जाळे मात्र मुळातच ठिकठिकाणी वेगवेगळे ताणले गेलेले आहे. 1936 ते 1962 या काळात झालेल्या फेरत्रिकोणमापनाची (त्रिकोणांच्या साहाय्याने देशाच्या पुन्हा केलेल्या मोजणीची) गणिते भागाभागाने सोडवली गेली आणि पुढचा भाग आधीच्या, निश्चित झालेल्या भागाला जोडला गेला. शिवाय छापलेले नकाशे निरुपयोगी ठरू नयेत म्हणून प्रमाण व दिशा एकोणिसाव्या शतकातील जाळ्याच्या 11 स्थानकांवरून घेतली होती. त्या काळी हा निर्णय योग्यच होता, पण त्यामुळे जुन्या चुकाही नव्या जाळ्यात उतरल्या. सूत्रातील सुमारे 20 दशलक्षांश इतकी प्रमाणदुरुस्ती ही देशभराची केवळ सरासरी आहे. बिंदू वाढवल्याने सरासरी सुधारेल, स्थानिक विरूपण तसेच राहील.

म्हणूनच ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेने ओएसटीएन15 हे रूपांतरणाचे प्रारूप दिले आहे. त्यात दर 1 किलोमीटरवरील जाळीबिंदूसाठी पूर्वेकडचा व उत्तरेकडचा सरकाव नोंदवलेला असून मधल्या जागेचा सरकाव भोवतालच्या चार बिंदूंवरून अंतर्वेशनाने काढतात. सात घटकांनी सुमारे 5 मीटरपर्यंत राहणारी चूक यामुळे साधारण 0.1 मीटरवर येते. आपण हेच वापरावे, कारण 2002 पासून नॅशनल ग्रिडची व्याख्याच अशा प्रारूपावर आधारलेली आहे.

मोजक्या बिंदूंवरून स्वतःचे बहुपदी समीकरण बसवण्याचा मोह मात्र टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. उच्च घाताची समीकरणे दिलेल्या बिंदूंशी सुंदर जुळतात आणि त्यांच्याबाहेर झपाट्याने भरकटतात. तपासणीसाठी काही बिंदू गणितातून वगळून ठेवले नसतील, तर ही भरकट लक्षातही येत नाही. एव्हरेस्ट लंबवर्तुळाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिकृतीवर) आधारलेले महाराष्ट्राचे जुने स्थलनिर्देशक नकाशे जीपीएसच्या डब्ल्यूजीएस84 या संदर्भप्रणालीवर आणतानाही हीच काळजी घ्यावी, कारण त्यासाठी वापरले जाणारे भारतभरासाठीचे सरकावही सरासरीच आहेत. आपल्या परिसरातील नियंत्रण बिंदूंवर (अचूक स्थान ज्ञात असलेल्या बिंदूंवर) ते पडताळल्याखेरीज सीमारेषा आखू नयेत.