दक्षिण सुदानला निघालीस, तर एवढं ऐक

अगं, काल तलावपाळीवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितो. कोसोव्होत 1999 नंतर आम्हा संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांना अटकेचे अधिकार होते. तुला ते नसतील. तू संयुक्त राष्ट्रांतर्फे तिथल्या पोलिसांची सल्लागार म्हणून जातेयस. ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत बसायचा मोह आवर.

दक्षिण सुदानमधले बरेच पोलीस आधी लढवय्ये होते. कोसोव्होत माझ्या हाताखालचा एक पोरगा बंदुकीला घाबरायचा नाही, पण रडणाऱ्या बाईची फिर्याद लिहिताना त्याचं पेन अडायचं. मी म्हटलं, आधी तिला पाणी दे, मग तिचे शब्द जसेच्या तसे लिही. एका पानाला दोन तास लागले. तेवढा वेळ दे, प्रत्येकाला.

पगार कधी होतो, हे पहिल्याच आठवड्यात विचार. पगार थकला की नाक्यावर वसुली सुरू होते आणि तुझं सगळं प्रशिक्षण वाया जातं.

2007 मध्ये आपली भारतीय महिला पोलीस तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लायबेरियात उतरली, तिला पाहून तिथल्या मुली पोलिसात यायला पुढे आल्या. तेव्हा तुझं वर्दीत बाजारातून चालत जाणं हेही कामच समज.

आणि मलेरियाच्या गोळ्या चुकवू नकोस.