तीन पिढ्यांच्या बहिणींची कादंबरी लिहायचीय, पण त्यातलं गुपित खरं वाटेल असं कुठून आणू?

ट्रंकेत सापडलेली पत्रं नकोत, फार झाली. आपल्याकडची गुपितं सरकारी कागदात असतात. जुना सातबारा आणि त्याचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढून वाचा.

हक्कसोडपत्र घ्या, म्हणजे बहिणींनी जमिनीतला वाटा भावासाठी सोडल्याचा कागद. खाली बहिणींचे जांभळे अंगठे, बदल्यात काय? भाऊबीजेची साडी आणि माहेरचं दार उघडं. एका बहिणीने अंगठा दिला, दुसरीने नाही, आणि त्या दोघी चाळीस वर्षं का बोलत नाहीत हे नातींना कुणी सांगितलेलं नाही. झालं की कथानक!

कायदाही मदतीला आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे थोरलीचं लग्न मेमध्ये, धाकटीचं डिसेंबरात, तर एकीला वाटा आणि दुसरीला हळदीकुंकू. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ही अट गेली, पण तुमच्या कादंबरीतली वाटणी १९९९ सालीच रीतसर नोंदवून झालेली असू द्या, म्हणजे ती मोडता येणार नाही.

दुसरी जागा म्हणजे लग्नात बदललेलं नाव. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की कुसुमची मालती होते. आजीला एक बहीण होती हे नातीला कळलं तरी ती शोधणार कोणाला? शाळेच्या दाखल्यावर कुसुम, रेशनकार्डावर मालती. वंशावळीत तर बहुतेकदा दोघीही नाहीत.

प्रेमप्रकरण घालायचंच असेल तर तिसऱ्या पिढीला द्या. पहिल्या दोन पिढ्यांना जमीन पुरते.