क्रोन्सच्या ऑपरेशननंतर काय सांभाळायचं

क्रोन्स म्हणजे आतड्याला सूज आणणारा दीर्घकाळचा आजार. आतड्याचा खराब भाग काढून उरलेलं जोडायच्या ऑपरेशनने तो मुळापासून जात नाही. तो बहुतेकदा आतडं जोडलेल्या जागीच परततो, आणि सुरुवातीला काही जाणवतही नाही. म्हणून ठणठणीत वाटत असलं तरी ६ ते १२ महिन्यांत कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं आतून बघणं) करून जोड बघून घ्याच. मधल्या काळात शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्यातली सूज दाखवणारी) कामी येते.

बी-१२ जीवनसत्त्व शोषलं जातं ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. त्यातला २० सेंटिमीटरहून जास्त भाग गेला असेल तर कमतरतेची शक्यता बरीच. यकृतातला साठा पुरतो तोवर कळत नाही, मग थकवा, पायांना मुंग्या. वर्षातून एकदा पातळी तपासा. किती सेंटिमीटर काढलं हे डिस्चार्ज कार्डावर नसेल तर ऑपरेशनची नोंद मागून घ्या. पुढचा प्रत्येक डॉक्टर तेच विचारणार.

जेवणानंतर पाण्यासारखे जुलाब म्हणजे आजार उलटलाच असं नाही. न शोषलेलं पित्त मोठ्या आतड्यात उतरलं तरी ते होतात. त्यावर डॉक्टरांनी पित्त धरून ठेवणारी कोलेस्टिरामाइनची पूड दिली, तर बाकीच्या गोळ्या तिच्या १ तास आधी किंवा ४ ते ६ तासांनी घ्या, नाहीतर ती त्यांनाही धरून ठेवते.

विडी-सिगारेट बंद, यात तडजोड नाही. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, पॅरासिटामॉल बरं.