ईपी स्टडीमध्ये (हृदयात तारा घालून विजेच्या लहरी तपासण्याच्या चाचणीत) एव्हीएनआरटी आणि एव्हीआरटी हे जलद धडधडीचे दोन प्रकार वेगळे कसे ओळखतात? ईसीजीत तर दोन्ही सारखेच दिसतात.

धडधड चालू असतानाच उजव्या वेंट्रिकलमधून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) तिच्यापेक्षा थोडं जलद, म्हणजे १० ते ४० मिलिसेकंद कमी अंतराने पेसिंग करतात, म्हणजे विजेने ठोके देतात, आणि ते थांबवल्यावर पुढचा ठोका किती वेळाने परत येतो ते मोजतात. या वेळातून धडधडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर वजा केलं की ११५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त उरलं तर बहुधा एव्हीएनआरटी, कमी उरलं तर एव्हीआरटी. कारण साधं आहे: एव्हीआरटीत लहर एट्रियम (वरचा कप्पा) आणि वेंट्रिकल यांना जोडणाऱ्या जादा मार्गातून गोल फिरते आणि वेंट्रिकल त्या फेऱ्याचाच भाग असतं, म्हणून लहर लवकर परतते, एव्हीएनआरटीचा फेरा एव्ही नोडपाशीच (वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या नेहमीच्या जोडबिंदूपाशीच) फिरतो, तिथवर जाऊन यायला वेळ लागतो. पेसिंग थांबल्यावर क्रम व्ही-ए-ए-व्ही आला (व्ही म्हणजे वेंट्रिकलचा ठोका, ए म्हणजे एट्रियमचा), तर दोन्ही सोडून एट्रियल टॅकिकार्डियाचा, म्हणजे वरच्या कप्प्यातूनच येणाऱ्या धडधडीचा संशय घ्यायचा. पण पेसिंगने एट्रियम खरोखर त्या वेगाला आलं होतं का, हे आधी तपासायचं. घाईत नेमकं हेच राहतं.

मला सगळ्यात विश्वासाची वाटते ती दुसरी युक्ती: हिज बंडल (एव्ही नोडपासून खाली लहर नेणारा तंतूंचा जुडगा) रिफ्रॅक्टरी, म्हणजे नवी लहर घेऊ न शकणारं असताना वेंट्रिकलला एकच जादा ठोका द्यायचा. नेहमीची वाट बंद असूनही त्याने पुढचं 'ए' अलीकडे ओढलं, तर जादा मार्ग आहेच. मात्र काहीच बदललं नाही, म्हणून मार्ग नाही असं ठरत नाही. तो डाव्या बाजूला, लांब असू शकतो. हळू वाहणारे जादा मार्ग तर ११५ च्या आकड्यालाही चकवतात, म्हणून एका चाचणीवर अ‍ॅब्लेशन (दोषी जागा जाळून बंद करणं) ठरवत नाहीत.