सॉफ्टइमेज या थ्रीडी अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमधलं कॅरेक्टर युनिटी या गेम इंजिनमध्ये आणलं, पण अ‍ॅनिमेशन येत नाही. काय करावं?

एफबीएक्समधून (थ्रीडी मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा फाइल प्रकार) मॉडेल येतं, हाडंही दिसतात, पण हालत नाहीत, याचं कारण बहुधा आयके (हाता-पायाचं टोक हलवलं की बाकीची हाडं आपोआप वळवणारी पद्धत) आणि कन्स्ट्रेंट (एका भागाची हालचाल दुसऱ्याला बांधणारे नियम). त्यांचं गणित सॉफ्टइमेजच्या आतच सुटतं, गेम इंजिनला फक्त हाडांच्या कीफ्रेम (ठरावीक फ्रेमला नोंदलेली स्थिती) कळतात. सीनची प्रत काढा, प्रत्येक हाडाची हालचाल फ्रेमगणिक ‘प्लॉट’ करा (म्हणजे कीफ्रेम म्हणून नोंदवा) आणि मग कंट्रोल (हाडं हलवायचे हँडल) वगळून फक्त मेश (कॅरेक्टरचा पृष्ठभाग) आणि हाडं एक्सपोर्ट करा. प्रत काढायला विसरू नका, प्लॉट केलेलं रिग (हाडं आणि कंट्रोलचा सांगाडा) पुन्हा हाताळणं फार जड जातं.

मेशच्या एका व्हर्टेक्सवर (बिंदूवर) 4 पेक्षा जास्त हाडांचं वजन (प्रभाव) ठेवू नका, युनिटी डिफॉल्टला तेवढीच धरतं. स्केल चुकलं तर इम्पोर्ट सेटिंगमध्ये बदला.

सॉफ्टइमेज 2015 ही शेवटची आवृत्ती होती. ती चालतेय तोवर बाकीची कॅरेक्टर्सही आजच काढून ठेवा.